नेट गेले, पण कोठून गेले?

पूर्वी संध्याकाळी दिवे गेले की चाळीच्या साऱ्या खोल्यांतून एकच आरोळी उठायची, ‘लाईट गेले!’ आणि जो तो गॅलरीत येऊन समोरच्या इमारतीकडे पाहायचा. समोरही अंधार असला की मंडळी निवांत होत. ‘गावाचेच गेले आहेत’ म्हणून पंख्याऐवजी वर्तमानपत्र हलवीत बसत. पण समोर लख्ख उजेड दिसला, की कोणीतरी मुकाट्याने बॅटरी घेऊन जिन्याखालच्या फ्यूजकडे निघे. दोष आपल्या घरातला की बाहेरचा, एवढे आधी पाहायचे आणि मग हात घालायचा, ही त्या गॅलरीतल्या एका नजरेची रीत होती.

आता आरोळी बदलली आहे. ‘नेट गेलं!’ असे आतल्या खोलीतून ऐकू येते. पण समोरच्या इमारतीकडे पाहण्याची सवय मात्र आपण सोडली. नेट गेले की एकजण राउटरचे बटण बंद करतो, दुसरा संगणक बंद करतो, तिसरा सेटिंग्जमध्ये शिरून दिसेल ते बदलतो. अर्ध्या तासाने नेट आलेच, तर ते कशामुळे आले हे कोणालाच सांगता येत नाही. आणि न आले, तर मूळचा एक दोष आणि आपण केलेले तीन, असा हिशेब होतो.

आमच्या घरी हेच घडले. माझ्या भाचीला अभियांत्रिकी प्रवेशाचा पसंतीक्रम भरायचा होता. शेवटचा दिवस, संध्याकाळी सहाला मुदत संपणार, आणि पावणेचार वाजता तिच्या लॅपटॉपवरचे नेट गेले. बाहेरच्या खोलीत आमचे मेहुणे होते. त्यांनी टाचणी मागितली. त्या टाचणीची हकीकत पुढे येईलच. आधी हे नेट घरात येते कसे ते पाहू.

नळाचे पाणी जसे येते, तसेच. रस्त्यातून महापालिकेची मोठी नळवाहिनी जाते, तिच्यातून पाणी आपल्या इमारतीच्या टाकीत चढते, टाकीतून नळाने खाली येते आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या तोटीतून पडते. इंटरनेट कंपनीची तार ही रस्त्यातली नळवाहिनी. घरात भिंतीवर लुकलुकणारी जी पेटी असते, जिला आपण राउटर म्हणतो, ती टाकी. राउटर आणि संगणक यांच्यामधली हवा हा उभा नळ. आणि संगणकातले वाय-फायचे यंत्र ही तोटी. पाणी येईना तर चारांपैकी एक जागा बिघडली आहे. चारही एकदम बिघडणे फार क्वचित.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल, आणि तीच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वाय-फाय आणि इंटरनेट हे एक नव्हेत. वाय-फाय म्हणजे फक्त टाकीपासून तोटीपर्यंतचा नळ. ‘सिग्नल तर फुल्ल आहे, मग नेट का नाही?’ असे लोक चिडून विचारतात. अहो, नळ धड आहे एवढेच तो सिग्नल सांगतो. टाकीत पाणी आहे की नाही, ते त्याला काय ठाऊक? विंडोजच्या संगणकावर उजव्या कोपऱ्यात खाली पंख्याच्या आकाराचे चिन्ह असते. त्याच्या जागी पृथ्वीच्या गोलाचे चिन्ह आले तर समजावे, की इंटरनेटपर्यंतची वाट कोठेतरी तुटली आहे. त्यावर टिचकी मारली म्हणजे राउटरशी जोडणी आहे की तीही नाही, हे लिहिलेले दिसते.

तेव्हा पहिली तपासणी गॅलरीतली. घरातला दुसरा फोन किंवा दुसरा संगणक त्याच वाय-फायवर चालतो का, ते पाहा. मात्र फोनवर पाहताना त्याचा मोबाइल डेटा आधी बंद करा, बरं का. नाहीतर फोन आपल्या स्वतःच्या सिमकार्डावरचे नेट वापरीत राहतो आणि आपण ‘वाय-फाय तर ठीक आहे’ असा खोटा निकाल देऊन बसतो. ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे.

समजा, कोणाचेच चालत नाही. मग दोष टाकीत किंवा रस्त्यात. संगणकाला हात लावू नका, राउटरचे दिवे पाहा. फायबरची तार असेल त्या पेटीवर बहुधा एका दिव्याखाली ‘पॉन’ आणि दुसऱ्याखाली ‘लॉस’ अशी इंग्रजी अक्षरे असतात. ‘लॉस’ म्हणजे नुकसान नव्हे. तारेतून येणारा प्रकाशच पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. तो दिवा तांबडा झाला की घरातल्या घरात करण्यासारखे एवढेच, की ती बारीक तार कपाटामागे मुडपली आहे का, सोफ्याच्या पायाखाली आली आहे का, ते पाहावे. फायबर म्हणजे केसासारखी काच. तांब्याची तार वाकली तरी वीज जाते. ही फार वाकली तर प्रकाश कोपऱ्यावरच बाहेर सांडतो. उंदीरही तिला सोडीत नाहीत. तुटलेले टोक डोळ्याजवळ नेऊन मात्र कधीही पाहू नये. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो. अशा वेळी कंपनीला कळवून माणूस येण्याची वाट पाहणे, हाच उपाय.

तांबडा दिवा नाही, तरी नेट नाही, असे असेल तर बिलाची तारीख आठवून पाहा. हसू नका, कनेक्शनची मुदत संपल्यामुळे ‘बिघडलेले’ नेट मी पुष्कळ पाहिले आहे. आणि दिवे नुकतेच जाऊन आले असतील तर पाच मिनिटे दम धरा. तुमच्या घरी वीज आली, तरी गच्चीवर किंवा गल्लीच्या टोकाला कंपनीची जी पेटी असते, तिलाही जागे व्हायला वेळ लागतो.

यानंतर राउटर बंद करून पुन्हा चालू करायला हरकत नाही. या उपायाची थट्टा होते, पण त्यात तथ्य आहे. राउटर हा एक लहानसा संगणकच असतो आणि तो महिनोन्‌महिने झोपत नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो एकेक पत्ता वाटून देतो. कोणाला कोणता दिला, याची यादी ठेवतो. ही यादी कधीकधी घोटाळते. वीज तोडली की पाटी कोरी होते. पण तोडायची ती नीट. अर्धा मिनिट बंद ठेवावा, मग चालू करावा, आणि दोन-तीन मिनिटे कोणीही त्याला हात लावू नये. दर दहा सेकंदांनी खटका वरखाली करणाऱ्याच्या घरी राउटर कधीच पुरता जागा होत नाही.

या पत्त्यावरून एक खूण सांगतो. संगणकाच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कचे गुणधर्म उघडले की ‘आयपीव्ही ४’ या शब्दापुढे चार आकड्यांचा पत्ता दिसतो. घरोघरी तो बहुधा १९२.१६८ असा सुरू होतो. तो १६९.२५४ असा सुरू झालेला दिसला, तर समजावे, की राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि संगणकाने बिचाऱ्याने स्वतःच एक काल्पनिक पत्ता लावून घेतला आहे. अशा पत्त्यावर कोणाचे पत्र येणार? वाय-फाय तोडून पुन्हा जोडावे; तरी तेच राहिले तर राउटर वर सांगितल्याप्रमाणे बंद-चालू करावा.

आता दुसरी बाजू. इतरांचे चालते, तुमच्याच संगणकाचे चालत नाही, किंवा चालते पण रडतखडत. मग दोष हवेत किंवा तोटीत. येथे हवेबद्दल जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण हवा दिसत नाही आणि म्हणून सगळा राग दिसणाऱ्या पेटीवर निघतो.

वाय-फाय ही रेडिओचीच धाकटी बहीण. लाट तीच, फक्त आखूड. आकाशवाणीच्या मध्यम लहरींची लांबी दोनशे, तीनशे, चारशे मीटर अशी असते. एवढ्या लांब लाटेला घर म्हणजे वाटेतला खडा. एफ. एम.ची लाट सुमारे तीन मीटरची. वाय-फायच्या लाटा मुख्यतः दोन जातींच्या. २.४ गिगाहर्ट्‌झची लाट साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे वीतभरही नाही. आणि ५ गिगाहर्ट्‌झची सुमारे सहा सेंटिमीटरची, म्हणजे चार बोटे रुंद. एवढ्याशा लाटेला तुमची भिंत ही भिंतच असते. शिवाय जोर पाहा. मध्यम लहरींच्या मोठ्या केंद्राचा प्रक्षेपक शंभर किलोवॅटचा असतो. राउटरचा जोर एक दशांश वॅटच्या आसपास. दहा लाख पटींचा फरक झाला! तेव्हा बैठकीच्या खोलीत टीव्हीमागे कोंबलेल्या राउटरने मागच्या खोलीपर्यंत ओरडून सांगावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आखूड लाटा भिंतीपार जातच नाहीत, असे मात्र नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतींपलीकडची घंटा बिनतारी वाजवून दाखवली होती, आणि त्यांच्या प्रयोगांतल्या लाटा तर अवघ्या काही मिलिमीटरच्या असत. प्रश्न असा असतो, की वाटेत भिंत कशाची आहे आणि किती आहेत. विटांची एक भिंत चालते. जुन्या वाड्याची हातभर जाडीची दगडी भिंत किंवा सळ्या घातलेला काँक्रीटचा खांब लाटेचा बराच भाग गिळतो. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा तिला परतवून लावतात. पाणी तिला शोषून घेते. म्हणून राउटर माशांच्या पेटीशेजारी ठेवू नये. तो उंचावर, मोकळा, घराच्या मध्याकडे असावा. शोभत नाही म्हणून जो तो त्याला लपवतो. लपवलेला राउटर आणि उशीखाली ठेवलेला ट्रान्झिस्टर यांत फारसा फरक नाही.

आणखी एक अडचण गर्दीची. एके काळी घरात रेडिओ ठेवायलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागे. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मात्र कमी शक्तीच्या यंत्रांसाठी आपल्याकडे २००५ साली विनापरवाना खुला झाला. त्यामुळेच घरोघरी वाय-फाय आले, आणि त्यामुळेच तेथे जत्रा भरली. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची यंत्रे, काही बिनतारी माऊस, सगळे याच पट्ट्यात बोलतात. मायक्रोवेव्ह भट्टीही साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवरच चालते. तिच्या दारातून किंचित निसटलेली लाट वाय-फायला पुरेशी त्रासदायक ठरते. रोज दुपारी जेवणाच्या वेळी नेट रेंगाळते आणि भट्टीची घंटी वाजली की सुधारते, असे असेल तर कंपनीकडे तक्रार करण्यात अर्थ नाही.

या पट्ट्यात तेरा चॅनेल असतात. पण ते एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की एकमेकांना धक्का न लावता बसणारे तीनच: १, ६ आणि ११. लोकलच्या बाकावर आकडे कितीही लिहिले तरी माणसे तीन बसतात, चौथा अर्ध्या मांडीवर. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल निवडता येतो. फोनवरचे एखादे साधे मापक ॲप गर्दी कोठे आहे ते दाखवते. या तिघांपैकी जो मोकळा, तो घ्यावा. मधला तिसरा किंवा आठवा घेऊन दोन्हीकडचे धक्के खाऊ नयेत.

त्याहून सोपा मार्ग ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर जाण्याचा. तेथे जागा ऐसपैस, वेगही जास्त. फक्त भिंती कमी झेपतात. पुष्कळ राउटर दोन नावे दाखवतात आणि एकाच्या शेवटी ‘५जी’ लिहिलेले असते. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. राउटरच्या खोलीत बसत असाल तर ते घ्या, दोन भिंतींपलीकडे असाल तर दुसरे. फार जुन्या संगणकाला हे ‘५जी’ नाव यादीत दिसतच नाही; त्याचे यंत्र त्या पट्ट्यावरचे ऐकूच शकत नाही. तो बिघाड नव्हे.

हवा आणि तोटी यांचा निवाडा करायला एक जुनी वस्तू फार उपयोगी पडते: साधी नेटवर्कची तार. संगणक तारेने थेट राउटरला जोडा. तारेने नेट चालले म्हणजे रस्ता, टाकी आणि संगणकाचा बहुतेक कारभार ठीक; दोष हवेत किंवा वाय-फायच्या यंत्रात. मग संगणक राउटरच्या खोलीत नेऊन बिनतारी जोडून पाहा. तेथे चालला तर दोष हवेचा. तेथेही नाही, तर तोटीचा. माझ्या मते प्रत्येक घरात अशी पाच-सात मीटरची तार खुंटीला टांगलेली असावी.

तोटीचे दोष पुष्कळदा हास्यास्पद असतात. लॅपटॉपच्या वरच्या ओळीतली विमानाचे चित्र असलेली कळ चुकून दाबली गेलेली असते, आणि मग संगणकाचे सारे बिनतारी व्यवहार बंद. टेबलावरच्या संगणकाला मागे दोन लहान दांड्या स्क्रूने लावायच्या असतात. त्या डब्यातच राहिलेल्या असतात, किंवा तो पत्र्याचा डबा भिंतीला पाठ लावून टेबलाखाली असतो आणि दांड्या भिंत व पत्रा यांच्यामध्ये चिणल्या जातात. पेनासारखे वाय-फायचे यंत्र यूएसबीत खोचले असेल आणि शेजारच्या निळ्या खाचेत बाहेरची डिस्क असेल, तर त्या वेगवान डिस्कचा आणि तिच्या तारेचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास पडतो. यंत्राला हातभर जोडतार लावून दूर ठेवले की बरे वाटते.

पासवर्ड बदलल्यानंतर एकच संगणक अडून बसला, तर त्या नेटवर्कच्या नावावर जाऊन ‘फरगेट’ म्हणावे आणि नव्याने जोडावे. तो जुनाच पासवर्ड पाठवीत राहिलेला असतो. टाइप करताना डोळ्याचे चिन्ह दाबून अक्षरे पाहून घ्यावीत. कॅप्स लॉकने जेवढी माणसे रडवली तेवढी व्हायरसनेही रडवली नसतील! दर थोड्या वेळाने जोडणी सुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय यंत्राच्या गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी ते बंद करण्याची मुभा दिलेली असते, ती काढून घ्यावी. त्याच ठिकाणी यंत्र ‘अनइन्स्टॉल’ करून संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज बहुधा ते नव्याने बसवते. फक्त ड्रायव्हरही पुसून टाकू का, असे विचारणाऱ्या चौकटीत खूण करू नये. ‘नेटवर्क रीसेट’ नावाचा एक उपाय असतो, तो अगदी शेवटी. तो साठवलेले सगळे पासवर्ड विसरायला लावतो.

दोन फसवे प्रकार सांगून ठेवतो. सगळे जोडलेले, तरी एकही पान उघडत नाही. अशा वेळी ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही काळी खिडकी उघडून इंग्रजीत ‘पिंग’ लिहावे, एक जागा सोडून ८.८.८.८ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत द्यावा. उत्तरे आली तर वाट धड आहे. बिघडली आहे ती डिरेक्टरी. आपण साइटचे नाव लिहितो, पण संगणकाला क्रमांक लागतो. तो सांगणारी जी सेवा असते तिला डीएनएस म्हणतात. सेटिंग्जमध्ये तिच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहिले की काम होते. दुसरा प्रकार जुन्या संगणकांचा. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की त्याचे घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि मग साइटची सुरक्षा-प्रमाणपत्रे त्याला खोटी वाटून तो प्रत्येक ठिकाणी ‘असुरक्षित’ म्हणत बसतो. नेटवर खापर फोडण्यापूर्वी कोपऱ्यातली तारीख वाचावी.

आता ती टाचणी. राउटरच्या पाठीला एक सुईएवढे भोक असते. त्यात टाचणी घालून काही सेकंद दाबली, की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वीज तोडल्याने फक्त यादी पुसली जाते. या भोकाने सारे पुसले जाते. वाय-फायचे नाव, पासवर्ड, आणि पुष्कळ ठिकाणी कंपनीने जोडणीसाठी दिलेले खातेनाव आणि संकेतशब्दही. मेहुण्यांनी ते दाबले. स्वयंपाकघरात माझी बहीण त्याच वाय-फायवर व्हिडिओ बघत होती, तो तेवढ्यात थांबला. म्हणजे घराचे नेट त्या क्षणापर्यंत धडधाकट होते! ‘ताई, तुझं चालतंय का?’ एवढे विचारायला कोणी आत गेले नव्हते.

कंपनीचा फोन लागेना. इंटरनेटवर सापडेल तो ‘मदत क्रमांक’ फिरवू या, असे कोणीतरी म्हणाले, ते मी होऊ दिले नाही. असे खोटे क्रमांक पुष्कळ पसरलेले असतात. पलीकडचा गोड बोलून संगणकाचा ताबा घेणारे ॲप उतरवायला सांगतो आणि बँकेचे खाते रिकामे करतो. क्रमांक बिलावरचाच घ्यावा. आणि फसगत झालीच तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

पाच वाजून गेले. भाची म्हणाली, “मामा, तुमच्या फोनचं हॉटस्पॉट द्या.” फोनवरचे नेट सुरू केले. तिच्या लॅपटॉपवर त्याचे नावच दिसेना. शेजाऱ्यांची नावेही दिसेनात, यादीच रिकामी. तेव्हा कोठे सर्वांचे डोळे उघडले. घराचे नेट नाही, फोनचे नाही, शेजाऱ्यांचेही नाही, म्हणजे बहिरा होता तो लॅपटॉप. दुपारी कळफलक फडक्याने पुसताना विमानाची कळ दाबली गेली होती. तिने ती पुन्हा दाबली. भराभर नावे उमटली. पाच वाजून चाळीस मिनिटांनी पसंतीक्रम भरून झाला. राउटरला पुन्हा बोलते करायला कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला.

त्याने सांगितलेले खातेनाव, संकेतशब्द, ग्राहक क्रमांक आणि बिलावरचा मदतीचा फोन आता एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. टाचण्यांची डबी बहिणीने वरच्या फळीवर ठेवली आहे.